शेकोटीचे सरपण कुठले घ्यावे?

अमेरिकेत कॅम्पिंगला न्यायच्या सरपणाबाबत दोन वेगळे प्रश्न असतात. एक, ते नीट पेटेल का? आणि दुसरा, त्याच्याबरोबर झाडांची कीड दुसऱ्या गावी जाईल का? पहिल्याचे उत्तर लाकूड हातात घेताच मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही, आणि गफलत होते ती इथेच. वजनाला हलके, टोकांना तडकलेले, एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजणारे लाकूड ‘चांगले’ म्हणून निवडले जाते. पेटायला ते चांगले असतेही. पण त्याच लाकडाच्या सालीखाली जिवंत अळ्या असू शकतात. त्यामुळे कीड पसरू नये यासाठी सरपण कसे दिसते हे फारसे उपयोगी पडत नाही. ते कुठे तोडले आणि त्यावर उष्णतेची प्रक्रिया झाली आहे का, या दोनच गोष्टी पाहाव्या लागतात.

हा प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला तो एमराल्ड ॲश बोरर या किडीमुळे. वाहनउद्योगाच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे ज्या डेट्रॉइट परिसरात स्थायिक झाली, तिथेच 2002 साली ही कीड प्रथम ओळखली गेली. पाचूसारख्या हिरव्या, चकचकीत रंगाचा आणि साधारण एक सेंटिमीटर लांबीचा हा भुंगेरा मूळचा ईशान्य आशियातला. मालाच्या लाकडी खोक्यांतून किंवा फळ्यांतून तो 1990च्या दशकातच आला असावा, असे मानले जाते. आशियातल्या ॲश वृक्षांची या किडीशी जुनी ओळख असल्याने ते तिला बऱ्यापैकी तोंड देतात. अमेरिकी ॲशला तशी सवय नाही. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, अळ्या आत शिरून सालीखालचा जिवंत थर नागमोडी वाटांनी खात सुटतात आणि पानांत तयार झालेले अन्न खाली मुळांकडे जाईनासे होते. शेंड्याकडून वाळायला लागलेले झाड दोन-चार वर्षांत उभ्याउभ्या मरते. अमेरिकेत या एका किडीने कोट्यवधी ॲश वृक्ष मारले आहेत.

दुर्दैव असे की, ॲश हे शेकोटीसाठी अतिशय सोयीचे लाकूड. ते सरळ फाटते, त्यात मुळात ओल कमी असते, धूरही बेताचा होतो. कीड झाडे मारते, मेलेली झाडे तोडावी लागतात, तोडलेल्या झाडांचे स्वस्त सरपण होते आणि ते गाडीच्या डिकीत बसून नव्या रानात पोचते. परसातला ॲश कापून घेतलेल्या घरमालकाला ते ओंडके फेकवत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. येत्या लाँग वीकएंडला मित्रमंडळींबरोबर कॅम्पला जाताना तेच नेऊ, असा साधा घरगुती हिशेब असतो. कीड पसरवण्याचा हेतू त्यात कोणाचाही नसतो.

भुंगेरा स्वतः उडून जातो ते अंतर सहसा थोडे असते. एखाद्या वर्षात कीड काही मैल पुढे सरकली तरी ती सलग सरकते आणि नकाशावर तिची कड दिसते. गाडीने गेलेली कीड मात्र ठिपक्यासारखी उमटते. 2013 साली कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात एमराल्ड ॲश बोरर सापडला तेव्हा त्याचा आधीचा सर्वांत जवळचा ज्ञात ठिकाणा शेकडो मैल पूर्वेला होता. मध्ये पसरलेले गवताळ मैदान एवढासा किडा पंखांवर पार करील, हे शक्य नव्हते. 2022मध्ये तो ऑरेगनमध्येही आढळला.

कीड परदेशीच असावी लागते, असेही नाही. कॅलिफोर्नियाचे उदाहरण यासाठी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. गोल्डस्पॉटेड ओक बोरर हा भुंगेरा आग्नेय ॲरिझोनाचा रहिवासी. तिथल्या ओक वृक्षांना तो फारसा त्रास देत नाही. मधल्या वाळवंटात ओकची झाडे नाहीत, म्हणजे पश्चिमेकडे जायला त्याला नैसर्गिक वाट नाही. तरी 2004मध्ये तो सॅन डिएगो काउंटीत सापडला आणि 2008मध्ये तिथल्या ओकच्या मरतुकीचे कारण तोच असल्याचे लक्षात आले. तो ओकच्या सरपणातून आला असावा, हाच त्याचा सर्वांत पटणारा खुलासा मानला जातो. लाकडाच्या बाबतीत शेजारचे राज्यही परका मुलुख ठरू शकते.

‘वाळलेले लाकूड असले की झाले’ ही समजूत मराठी वाचकाला कोकणातल्या एका उदाहरणाने सोडता येईल. आंब्याच्या खोडात शिरणारी भिरूड तिथल्या बागायतदाराला चांगली ठाऊक असते. खोडाच्या भोकातून भुसा बाहेर पडायला लागला की, आत अळी आहे हे तो ओळखतो. पण तो भुसा दिसेपर्यंत आतले पोखरणे कधीच सुरू झालेले असते. अमेरिकेतला एशियन लाँगहॉर्न्ड बीटल या भिरुडीच्याच कुळातला, लांब मिशांचा भुंगेरा. तो मेपल आणि इतर पानझडी झाडांच्या थेट गाभ्यात शिरतो. 1996मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तो प्रथम सापडला आणि 2008मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात. वुस्टर आणि आसपासच्या गावांत त्याला रोखण्यासाठी 30 हजारांहून अधिक झाडे तोडावी लागली. गाभ्यात बसलेल्या अळीला बाहेरच्या उन्हावाऱ्याने लाकूड थोडे वाळल्याचा फरक पडत नाही. ॲश बोररही तोडलेल्या लाकडात तग धरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात, कधी त्याच्याही पुढच्या, भुंगेरा होऊन बाहेर पडतो. वर्षभर वाळवलेले सरपण पेटायला उत्तम; निर्धोक मात्र म्हणता येत नाही.

किडीच्या खुणा ओळखता येणे उपयोगाचे आहे, पण त्यांच्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे. ॲश बोरर बाहेर पडताना सालीवर तीन-चार मिलिमीटरचे भोक पाडतो. ते इंग्रजी डी अक्षरासारखे, एका बाजूने सपाट असते. लाँगहॉर्न्ड बीटलचे भोक गोल आणि बरेच मोठे, जवळपास एक सेंटिमीटरपर्यंत. साल निघालेल्या लाकडावर नागमोडी खोबणी दिसणे, सांध्यांत बारीक भुसा साठणे, अळ्या खाण्यासाठी सुतार पक्ष्याने साल सोलून पांढुरके पट्टे पाडणे, या इतर खुणा. मात्र भोक म्हणजे किडा निघून गेल्याची खूण. आतली अळी अजून मोठी व्हायची असेल, तर सालीला एकही भोक नसते. हिवाळ्यात तोडलेले आणि वरून निर्मळ दिसणारे लाकूड त्यामुळेच सर्वांत फसवे. भोके दिसणारे लाकूड घेऊ नये हे खरे, पण भोके नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये.

काही किडी लाकडात शिरतच नाहीत. त्या नुसत्या त्याच्यावर अंडी घालतात, आणि त्यांना सरपणाइतकीच तंबूची पिशवी किंवा घडीची खुर्चीही चालते. स्पंजी मॉथ हा पतंग 1869च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड इथे एका हौशी कीटकप्रेमीच्या हातून निसटला आणि त्याने ईशान्येकडच्या रानांत कायमचे बस्तान बसवले. त्याचा अंडीपुंज फिकट तपकिरी, लवदार, वाळलेल्या स्पंजाच्या तुकड्यासारखा असतो. एका पुंजात शेकडो अंडी. पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत 2014मध्ये सापडलेल्या स्पॉटेड लँटर्नफ्लायचा पुंज चिखलाचा शिंतोडा वाळावा तसा करडा दिसतो आणि त्यात तीस ते पन्नास अंडी असतात. न्यू जर्सीत आणि आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना पंखाखाली लालभडक रंग असलेला हा किडा आता चांगलाच परिचयाचा झाला आहे. बुरशीजन्य रोगांची गत निराळी. ओक विल्ट या रोगाने नुकत्याच मेलेल्या ओकच्या सालीखाली बुरशीचे थर वाढतात. त्यांच्या आंबूस गोड वासाकडे बारीक भुंगेरे येतात आणि तीच बुरशी अंगाला चिकटवून निरोगी ओकच्या ताज्या जखमांवर जाऊन बसतात. अशा झाडाचा एक ओंडका दुसऱ्या परिसरात नेणे म्हणजे तिथे रोगाचे बी पेरणे.

किडीवरचा खात्रीचा उपाय उष्णता. व्यवहारात मान्य असलेले एक माप असे, की लाकडाच्या गाभ्याचे तापमान 60 अंश सेल्सिअसला न्यायचे आणि ते तिथे 60 मिनिटे टिकवायचे. न्यूयॉर्क राज्याचा निकष याहून कडक आहे. तिथे गाभा सुमारे 71 अंशांवर 75 मिनिटे राहावा लागतो. बाहेरची हवा एवढी तापून भागत नाही, जाड ओंडक्याचा मध्य तापायला हवा. म्हणून घरच्या ओव्हनमध्ये किंवा उन्हात प्लॅस्टिकखाली ठेवून हे काम विश्वासाने होत नाही. त्यासाठी तापमान नोंदवणारी भट्टी लागते.

दुकानातल्या मोळीवर ‘हीट ट्रीटेड’ आणि ‘किल्न ड्राइड’ असे दोन शब्दप्रयोग दिसतात. ते समानार्थी समजले जातात, पण दोन्हींचा अर्थ एक नव्हे. ‘किल्न ड्राइड’ म्हणजे भट्टीत वाळवलेले. तिथे लक्ष असते ते ओल कमी करण्याकडे, आणि कमी तापमानावर जास्त दिवस ठेवूनही ते साधते. ‘हीट ट्रीटेड’मध्ये लक्ष असते ते कीड मारण्याकडे. एकाच भट्टीत दोन्ही कामे होऊ शकतात, होतातही. पण झाली आहेत की नाहीत, हे लेबलवरूनच समजते. खात्रीच्या मोळीवर अमेरिकी कृषी खात्याचा किंवा राज्याच्या कृषी विभागाचा शिक्का, प्रक्रियेचा उल्लेख आणि मोळी बांधणाऱ्याचे नाव-गाव असते. ‘नैसर्गिक’, ‘प्रीमियम’, ‘सीझन्ड’ या शब्दांना किडीच्या दृष्टीने काही किंमत नाही. शिक्का असलेली मोळी किती दूर न्यायची, ही अडचण सहसा उरत नाही. प्रवासातच सरपण न्यायचे असेल, तर हाच एक पर्याय धरून चालावे. लेबल मात्र सरपण संपेपर्यंत फाडू नये, कारण कॅम्पग्राउंडच्या दारात विचारणा झाली तर पुरावा तोच.

शिक्का नसलेले लाकूड घ्यायचे तर अंतराचा नियम लागू होतो. नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने चालवलेल्या ‘डोन्ट मूव्ह फायरवुड’ मोहिमेचा सल्ला असा आहे की, जिथे जाळायचे तिथून 10 मैलांच्या, म्हणजे सुमारे 16 किलोमीटरच्या आत तोडलेले लाकूड उत्तम. 50 मैल, म्हणजे 80 किलोमीटर, ही फार तर शेवटची मर्यादा. राज्यांचे कायदे याच अंतरांभोवती फिरतात. विस्कॉन्सिनच्या राज्य उद्यानांत प्रमाणित नसलेले लाकूड 10 मैलांच्या आतलेच लागते. न्यूयॉर्कमध्ये प्रक्रिया न केलेले सरपण उगमापासून 50 मैलांपलीकडे नेता येत नाही आणि त्या मर्यादेतही उगम दाखवणारा कागद जवळ असावा लागतो. मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हर्माँट या राज्यांनी परराज्यातल्या प्रक्रिया न केलेल्या सरपणाला बंदी घातली आहे. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात 2015पासून बाहेरून आणायचे सरपण प्रमाणित आणि हीट ट्रीटेडच असावे लागते. उद्यानातच पडलेल्या वाळक्या फांद्या शेकोटीसाठी गोळा करायला मात्र परवानगी आहे.

एमराल्ड ॲश बोररवरचे संघराज्य पातळीवरचे निर्बंध 2021च्या जानेवारीत उठवण्यात आले. कीड इतकी पसरली की, तिला सीमेवर अडवण्यात अर्थ राहिला नाही, हे त्यामागचे कारण. त्यावरून सरपण आता कुठेही न्यायला मोकळीक आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे. राज्यांचे आणि उद्यानांचे नियम आपापल्या जागी उभे आहेत, लाँगहॉर्न्ड बीटलच्या क्षेत्रांतून लाकूड हलवण्यावर वेगळे निर्बंध आहेत आणि ॲश बोरर अजून पोचलेला नाही अशा रानांना पूर्वीइतकाच धोका आहे. कॅनडाच्या बाजूला कॅम्पिंगला जाताना सरपण गाडीत घेऊच नये. सीमेवर ते काढून ठेवावे लागण्याची पाळी येते.

प्रत्यक्ष खरेदीची तयारी आरक्षण करतानाच सुरू करावी. कॅम्पग्राउंडच्या माहितीत सरपणाचा नियम आणि ते तिथे विकत मिळते का, या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा दिलेल्या असतात. नसल्या तर फोन करावा. उद्यानाच्या दारात किंवा कॅम्प सांभाळणाऱ्या यजमानाकडे मिळणारी मोळी शहरातल्या दुकानापेक्षा डॉलर-दोन डॉलरने महाग पडते म्हणून अनेकांच्या जिवावर येते. पण सहकुटुंब सहलीच्या एकूण खर्चात ही रक्कम नगण्य असते, हे उघड आहे. मोळी साधारण पाऊण घनफुटाची असते. संध्याकाळच्या दोन-तीन तासांच्या शेकोटीला अशा दोन मोळ्या सहसा पुरतात. सकाळच्या चहासाठीही चूल पेटवायची असेल तर एक जास्त.

रस्त्याकडेच्या घरासमोर मोळ्यांची रास आणि शेजारी पैशांचा डबा, असे दृश्य अमेरिकेच्या ग्रामीण भागात नेहमी दिसते. तिथले लाकूड बहुधा आसपासचेच असते, तरी विचारून घ्यावे. विचारताना शब्द नेमके असावेत. ‘हे लाकूड इथलेच ना?’ या प्रश्नाला दुकान इथलेच आहे एवढ्या अर्थानेही ‘हो’ म्हणता येते. ‘हे झाड कुठे तोडले?’ असे विचारले की, गावाचे किंवा काउंटीचे नाव मिळते, नाहीतर विक्रेत्याला ठाऊक नसल्याचे कळते. ठाऊक नसेल तर ते लाकूड सोडून द्यावे. पेट्रोल पंपावरच्या आणि मोठ्या दुकानांतल्या मोळ्या परराज्यांतून, कधी समुद्रापलीकडूनही येतात. तिथे ‘लोकल’ या पाटीपेक्षा शिक्का पाहावा.

रानातच सरपण वेचण्याची मुभा असेल तर अंतराचा प्रश्न आपोआप मिटतो. नियम बहुधा असा असतो की, जमिनीवर पडलेले, वाळलेले आणि मनगटापेक्षा फार जाड नसलेले लाकूड घ्यावे. उभे झाड वाळलेले दिसले तरी तोडू नये. जिथे वेचणे मना आहे तिथे तो नियम कुजणाऱ्या लाकडावर जगणाऱ्या जीवांसाठी असतो. आणि वेचलेले उरले तर ते तिथेच ठेवायचे. ‘घरच्या फायरपिटला होईल’ म्हणून डिकीत टाकलेल्या दोन फांद्या हाच खेळ उलट्या दिशेने खेळतात.

लाकडाशिवायही भागते. मक्याची कणसे आणि वांगी ज्वाळेपेक्षा निखाऱ्यावरच चांगली भाजतात, आणि त्यासाठी पिशवीतला कोळसा उत्तम. कोळसा होताना लाकूड इतके तापलेले असते की, त्यात कीड उरत नाही. भुसा दाबून केलेले ठोकळेही सुरक्षित. त्यांत मेण मिसळलेले असेल तर ते शेकायला वापरावेत, त्यांवर काही भाजू नये. सुतारकामातून उरलेले, भट्टीत वाळवलेल्या साध्या फळ्यांचे बिनसालीचे तुकडे काही कॅम्पग्राउंडवर चालतात. रंगवलेले किंवा रसायन मुरवलेले लाकूड मात्र कुठेच चालत नाही. जुन्या डेकच्या हिरवट फळ्यांत आर्सेनिक असते. त्यांचा धूर आणि राख दोन्ही विषारी.

वेचलेल्या लाकडाबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. खोडाला चिकटलेली, केसाळ मुळ्यांची जाड वेल दिसली तर ते लाकूड तसेच सोडावे. ती पॉयझन आयव्ही असू शकते. ही वेल बिब्ब्याच्या आणि काजूच्याच कुळातली आहे. बिब्बा उतणे म्हणजे काय, हे माहीत असलेल्याला तिच्या चिकाची कल्पना सहज येईल. ती जाळली की तो दाह धुरातून डोळ्यांत आणि फुप्फुसांत जातो, आणि ते अंगावर उतण्यापेक्षा कितीतरी गंभीर.

दुरून आणलेले लाकूड चुकून कॅम्पपर्यंत पोचलेच, तर ते परत न्यायचे नाही, रानात टाकायचे नाही आणि पुढच्या पाहुण्यासाठी शेकोटीच्या कट्ट्याशी रचूनही ठेवायचे नाही. पहिल्याच रात्री ते सगळे जाळून टाकावे. गाडीत पडलेल्या सालीच्या ढलप्या, भुसा आणि काटक्या झाडून त्याही आगीत टाकाव्यात, कारण सालीचा एक तुकडाही अळीला पुरतो. वणव्याच्या धोक्यामुळे आग पेटवायला बंदी असेल, तर लाकूड पक्क्या पिशवीत बंद करून कॅम्पच्या कर्मचाऱ्यांना सांगावे. घरच्या तोडलेल्या झाडाचे सरपण घराच्या अंगणातल्याच शेकोटीत संपवावे; पालिकेने झाडांच्या कचऱ्यासाठी जागा नेमलेली असेल तर उरलेले तिथे द्यावे.

निघायच्या सकाळी तंबू गुंडाळण्यापूर्वी त्याची खालची बाजू, खुर्च्यांचे पाय, आइसबॉक्सचा तळ, सायकलींचे स्टँड आणि गाडीच्या चाकांच्या वरचा भाग पाहून घ्यावा. उन्हाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत अंडीपुंज सापडण्याची शक्यता जास्त. सापडलेला पुंज जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडून साबणाच्या पाण्यात किंवा सॅनिटायझरमध्ये बुडवावा. नुसता खाली पाडला तर त्यातली अंडी उबतात. नवखा भुंगेरा दिसला तर त्याचा जवळून, शेजारी नाणे ठेवून फोटो काढावा, जागा लिहून ठेवावी आणि राज्याच्या कृषी विभागाला किंवा विद्यापीठाच्या विस्तार केंद्राला कळवावे. 1996 साली ब्रुकलिनमधला लाँगहॉर्न्ड बीटलही एका रहिवाशाला आपल्या झाडांना पडलेली भोके दिसली आणि त्याने ती कळवली, म्हणून उजेडात आला.